चाळिशीतल्या संशोधन केंद्राचा गरिबी अहवाल: वापरून पाहिल्यावर

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातलं सामाजिक धोरण संशोधन केंद्र 1980 साली सुरू झालं. त्याच्या चाळिशीच्या वर्षी, 2020 मध्ये, ‘अकॉस’ या समाजकल्याण संस्थांच्या ऑस्ट्रेलियातल्या शिखर संघटनेसोबत काढलेला ऑस्ट्रेलियातील गरिबीचा अहवाल कामाचा आहे, पण आकडे उचलताना जपून.

अहवालातली दारिद्र्यरेषा म्हणजे मध्यक उत्पन्नाच्या (सगळी उत्पन्नं क्रमाने लावली तर मधोमध येणाऱ्या) निम्मं: तेव्हा एकट्या प्रौढाला आठवड्याला 457 डॉलर. कुटुंबासाठी गुणक लावायचा. पहिला प्रौढ 1, पुढचा प्रत्येक 0.5, पंधराच्या आतलं मूल 0.3. नवराबायको आणि दोन लहान मुलं म्हणजे 2.1, म्हणून 960 डॉलर. चुकतं ते इथेच! सोळा वर्षांचं पोर 0.5 मध्ये जातं; दोघंही तेवढी असतील तर गुणक 2.5 आणि रेषा थेट 1,142 च्या पुढे. घरभाडं-हप्त्यांचा विचार केलाय, हे उत्तमच. सिडनीत त्याशिवाय हिशेबाला अर्थ नाही.

दुखणं एकच: पाहणी 2017-18 ची, त्यामुळे कोरोनाचा फटका यात नाही. आणि ही रेषा सापेक्ष आहे, म्हणजे तिथल्याच इतरांच्या उत्पन्नावरून ठरलेली. आपल्याकडच्या पिवळ्या रेशनकार्डाच्या मर्यादेशेजारी ती मांडू नका.