८ बारचा लूप: पसरून खोडायचा की थर चढवत न्यायचा?

सांगलीत गणपतीसाठी ट्रॅक करणाऱ्या पोरांचं गाडं बहुतेक वेळा ८ बारच्या लूपवरच अडतं; म्हणजे ४ ठोक्यांचा एक बार, असे ८ बार पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) तो जेमतेम १५ सेकंदांचा. त्याची ५ मिनिटं कशी करायची?

एक मार्ग म्हणजे भरलेला लूप १६० बारवर पसरायचा आणि जागोजागी त्यातले आवाज खोडत जायचं. इंट्रोत फक्त किक (ढोलासारखा जड ठोका) नि हॅट (झांजेचा बारीक आवाज), ब्रेकडाउनला, म्हणजे मधल्या शांत भागात, किक-बेस गायब, ड्रॉपला, म्हणजे त्यानंतरच्या जोरदार भागात, सगळं परत.

दुसरा, सुरुवातीपासून एकेक थर चढवत नेणं. ट्रॅक छान फुलतो, पण ड्रॉप गाठेपर्यंत उत्साह ओसरतो.

मी पहिलाच धरतो. ड्रॉपच्या आधीच्या बारची किक काढून बघा. विश्रामबागेत मांडवासमोर त्या जेमतेम २ सेकंदांत माणसं श्वास रोखून हात वर धरतात.