नसलेल्या देशाची राजधानी: ‘सिटीज: स्कायलाइन्स’चे परीक्षण

गेली तीन वर्षे मी मेरवण नावाच्या, जगाच्या कोणत्याही नकाशावर नसलेल्या देशाची राजधानी वसवतो आहे. तिचे नाव आरावळ. तिचा जुना कोट नदीच्या वळणावर आहे, बंदर खाडीच्या मुखाशी आहे आणि विद्यापीठ टेकडीच्या उतारावर आहे. हा सारा उद्योग ज्या संगणकीय खेळात चालतो, तो ‘सिटीज: स्कायलाइन्स’ फिनलंडमधील ताम्पेरे येथील कोलोसल ऑर्डर या छोट्या संस्थेने घडवला आणि पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्हने मार्च 2015 मध्ये बाजारात आणला. खेळ जुना झाला असला, तरी शहर वसवण्याची हौस असलेल्या माणसाने तो आजही घ्यावा का, आणि विशेषतः एकमेकींहून वेगळ्या वस्त्या असलेली राजधानी त्यात खरोखर उभी राहते का, एवढ्याच प्रश्नांपुरते हे परीक्षण आहे.

सुरुवातीला सुमारे दोन किलोमीटर लांबी-रुंदीचा एक चौरस हाती येतो. लोकसंख्या वाढत जाते तसे आणखी चौरस विकत घेता येतात आणि मूळ खेळात नऊ चौरसांची, म्हणजे साधारण 36 चौरस किलोमीटरची मर्यादा आहे. नकाशाच्या कडेवरून येणारा महामार्ग, लोहमार्ग, जहाजांचे व विमानांचे मार्ग हेच बाहेरचे जग. देश म्हणून त्यापलीकडे काहीही नाही. नगरभवन किंवा न्यायालय बांधले, तरी खेळाच्या लेखी ती पर्यटकांना आकर्षित करणारी वास्तू असते. तिथे कोणी कारकून अर्जावर शेरा मारत नाही. त्यामुळे आरावळचे राजधानीपण मला रुंद राजमार्ग, चौक आणि इमारतींची मांडणी यांतूनच दाखवावे लागले. नवे शहर सुरू करताना वाहतूक डाव्या बाजूने ठेवण्याचा पर्याय मिळतो आणि आपल्याकडच्या खेळाडूने तो आधीच निवडलेला बरा, कारण उजवीकडून वळणारी बस पाहत शंभर तास घालवणे डोळ्यांना सोसत नाही.

वस्त्यांचा वेगळेपणा घडवण्यासाठी खेळात परिसर आखण्याचे जे साधन आहे, ते मला त्याचे सर्वांत मोठे बलस्थान वाटते. कुंचल्याने रंग भरावा तसा नकाशाचा एखादा भाग रंगवायचा, त्याला नाव द्यायचे आणि मग तेवढ्याच भागापुरते नियम लागू करायचे: इथे उंच इमारती नकोत, तिथून अवजड वाहनांनी जाऊ नये, पलीकडच्या भागात सार्वजनिक वाहतूक मोफत असावी. कारखान्यांच्या परिसराला शेती, वनोपज, खनिज किंवा तेल यांपैकी एखादे वैशिष्ट्य देता येते. जुन्या कोटात मी उंच इमारतींवर बंदी घातली आणि बंदराला लागून मालधक्का व गोदामे ठेवली, तेव्हा वरून पाहणाऱ्याला या दोन वस्त्या नाव न वाचताही ओळखता येऊ लागल्या. पाण्याचे अनुकरण तर अपेक्षेपेक्षा खूपच चोख आहे. नदीला खरोखर प्रवाह आहे आणि सांडपाणी त्याच दिशेने वाहत जाते. मी घाईत सांडपाण्याचे नळ वरच्या अंगाला आणि पिण्याच्या पाण्याचे पंप खालच्या अंगाला बसवले होते, त्यामुळे अर्धा कोट आजारी पडला. चूक सर्वस्वी माझीच होती आणि तिच्यातून मी जे शिकलो, ते कोणत्याही माहितीपत्रकातून शिकलो नसतो.

मात्र कोट उभारतानाच खेळाची मर्यादाही उघडी पडते. मी पुण्याच्या पेठांत वाढलो आहे, त्यामुळे जुने गाव म्हणजे समोरासमोरच्या खिडक्यांतून वाटी देता-घेता येईल अशी गल्ली, हे माझ्या डोक्यात पक्के बसलेले आहे. या खेळातील नेहमीचा सर्वांत अरुंद रस्ता जमिनीच्या आखणीतील दोन छोट्या चौकटींएवढा, म्हणजे 16 मीटर रुंद असतो. पायवाट त्याहून अरुंद आखता येते, परंतु तिच्या कडेला घरे उगवत नाहीत. 2022 साली आलेल्या ‘प्लाझाज अँड प्रोमेनाड्स’ या विस्तारसंचाने पादचारी रस्त्यांच्या कडेला इमारती येऊ दिल्या, ही मोठी सुधारणा खरी. तोपर्यंत मात्र माझा कोट एखाद्या नव्या उपनगराने जुने कपडे घातल्यासारखा दिसत होता.

त्याहून मूलभूत अडचण रंगांची आहे. निवासासाठी हिरवा, दुकानांसाठी निळा, कारखान्यांसाठी पिवळा आणि कार्यालयांसाठी निळसर हिरवा असे जमिनीचे वाटप होते. एका तुकड्यावर एकच रंग चालतो. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही आपल्याकडची साधी गोष्ट मूळ खेळाला ठाऊक नाही. आरावळमध्ये मला तांबट आळी हवी होती, म्हणजे पुढच्या सोप्यात हातोडी चालते आणि मागे स्वयंपाक होतो अशी. खेळाच्या हिशेबात ती पिवळ्या रंगाची वस्ती ठरते आणि तिच्या शेजारची हिरवी वस्ती प्रदूषणाने आजारी पडते. ही दृष्टी कुठून येते, हे ब्राझिलियाकडे पाहिले की समजते. लुसिओ कोस्ता यांच्या आराखड्यावर उभ्या राहिलेल्या आणि 1960 साली ब्राझीलची राजधानी झालेल्या त्या शहरात हॉटेलांचा विभाग वेगळा आणि बँकांचा वेगळा आहे. कोऱ्या जमिनीवर अशी राजधानी आखायची असेल, तर हा खेळ जवळजवळ निर्दोष आहे. पिढ्यान्‌पिढ्या साचत गेलेले शहर हवे असेल, तर त्याच्याशी भांडावे लागते.

साचण्यासाठी काळ लागतो आणि काळाचीच या खेळाला नीट जाण नाही. जमिनीचे मोल वाढले की इमारत वरच्या पातळीवर जाते, म्हणजे तिच्या जागी दुसरीच दिसू लागते. त्यामुळे शहराचा जुना भाग जितका सुखी, तितका तो नवा दिसतो. 2018 साली मोफत मिळालेल्या सुधारणेत इमारतीला ऐतिहासिक ठरवून तिचे रूप कायम ठेवण्याची सोय आली आणि माझ्या मते ती कित्येक विकत घेतलेल्या संचांपेक्षा मोलाची आहे. दुसरा परिणाम अधिक विचित्र आहे. एखादी मोठी वस्ती एकदम वसवली, तर तिथे एकदम राहायला आलेले लोक पुढे साधारण एकदमच मरतात, शववाहिका अपुऱ्या पडतात आणि घरामागून घर ओस पडते. त्यावर उपाय एकच: वस्ती सावकाश, गल्लीगल्लीने वाढवावी. टेकडीवरचा विद्यापीठाचा परिसर मी अशा रीतीने चार टप्प्यांत वाढवला आणि कदाचित म्हणूनच तो आरावळचा सर्वांत जिवंत भाग झाला आहे.

वाहतुकीविषयी थोडक्यात सांगतो. गाड्या आपली मार्गिका फार आधी निवडतात आणि सहा मार्गिकांच्या रस्त्यावर एकाच मार्गिकेत मुकाट्याने रांग लावतात. फार वेळ अडकलेली गाडी चक्क नाहीशी होते. वाहतूक हाताळणारे मॉड, म्हणजे खेळाडूंनीच तयार केलेल्या जोडण्या, स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर फुकट मिळतात आणि ते घेतल्यावाचून मोठे शहर चालवण्याचा प्रयत्न मी तरी कोणाला सुचवणार नाही. फक्त मॉड आणि बाहेरच्या इमारती यांचा ढीग वाढला की संगणकाची स्मृती भराभर खर्च होते, हे आधी लक्षात घ्यावे.

खरेदी करताना मूळ खेळ आधी घ्यावा आणि तो पन्नासेक तास खेळून झाल्यावरच विस्तारसंचांकडे वळावे, तेही सवलत लागलेली असताना. नदी किंवा खाडी असलेल्या राजधानीसाठी ‘मास ट्रान्झिट’मधील प्रवासी बोटी फार उपयोगी पडतात, कारण त्यांच्यामुळे पाणी हे वस्त्यांमधील अंतर न राहता रस्ता होते. ‘स्नोफॉल’ मात्र केवळ ट्रामसाठी घ्यावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. त्यातील बर्फ काही ठरावीक नकाशांवरच पडतो.

ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या या खेळाच्या दुसऱ्या भागात दुकान आणि घर एकाच इमारतीत येऊ शकते, म्हणजे माझ्या तांबट आळीची निम्मी तक्रार तिथे मिटलेली आहे, आणि बांधकामासाठी जागाही कितीतरी अधिक आहे. मात्र त्यासाठी पुष्कळ ताकदीचा संगणक लागतो आणि पहिल्या भागात वसवलेले शहर दुसऱ्या भागात उघडता येत नाही. आरावळच्या कोटातील ऐतिहासिक ठरवलेली एकेक इमारत पुन्हा नव्याने निवडत बसण्याची माझी तयारी नाही, म्हणून बंदरापलीकडचा शेवटचा चौरस भरेपर्यंत तरी मी जुन्याच खेळात राहणार आहे.