उजनी ते देवबाग: हवा भरायच्या कयाकसोबत आठ महिने

सोलापुरात राहून कयाक घेतली म्हटल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं, "चालवणार कुठे?" नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणारं आमचं गाव, प्रश्न रास्तच होता. ऑक्टोबरमध्ये घेतली, आता जून लागलाय. बहुतेक रविवार उजनी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्यावर गेले आणि दोनदा मालवणला जाऊन आलो. त्यावरून लिहिते आहे.

बोट दोघांची, हवा भरायची, वजन सोळा किलो. घडी केली की गाडीच्या डिकीत मावते. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांना दुसरा पर्याय नाहीच. हातपंपाने भरायला बारा-तेरा मिनिटं लागतात. तळ कडक होईपर्यंत भरायचा, तिथे आळस केला तर बोट मध्ये वाकते आणि वल्हं मारलेलं वाया जातं. आणखी एक, किनाऱ्यावर तापलेल्या बोटीत भरलेली हवा गार पाण्यात आकसते. त्यामुळे पाण्यात उतरल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा थोडी भरावी लागते. हे माहितीपुस्तिकेत कुठेच नव्हतं.

उजनीचं धरण भीमेवर, १९८० साली पूर्ण झालेलं. करमाळ्याच्या बाजूचा फुगवटा इतका रुंद की पलीकडचा ऊस नुसती हिरवी रेघ दिसतो. हिवाळ्यात सकाळी पाणी काचेसारखं असतं आणि उथळ कडेला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उभे असतात. आम्ही वल्ही आडवी ठेवून लांबच थांबतो, जवळ गेलं की अख्खा थवा उठतो. पाणी उतरायला लागलं की मात्र बुडालेल्या बाभळी वर यायला लागतात. हवेच्या बोटीला काट्याइतका दुसरा वैरी नाही. फेब्रुवारीनंतर आम्ही कडेकडेने जाणंच सोडलं.

लाइफ जॅकेटबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही. मे २०२४ मध्ये याच पाण्यात, कुगाव आणि कळाशीच्या मध्ये, वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. धरणाचं पाणी शांत दिसतं म्हणून जॅकेट बोटीत नुसतं टाकून नेणारे लोक मी दर आठवड्याला बघते. मला बघवत नाही.

समुद्राची गोष्ट वेगळीच. मालवणजवळचं देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या तात्यांनी पहिल्याच संध्याकाळी भरतीचा हिशोब शिकवला: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, म्हणजे सव्वा अकरा. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी पुरी होते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती-ओहोटी, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी. घरातल्या कॅलेंडरवर तिथी मी संकष्टीपुरती बघत आले होते!

दुसऱ्या दिवशी पौर्णिमाच होती. दहाला नदीतून निघालो, संगमाच्या वाळूवर कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली आणि तिथेच रेंगाळलो. निघताना तात्या म्हणाले होते, "वारो सुटाच्या आधी परत येवा." परत फिरलो तेव्हा अडीच वाजले होते. उधाणाची ओहोटी जोरात होती. मी काठावरचा एक वाकडा माड धरून ठेवला होता, नजरेने. वीस-पंचवीस वल्ही मारली, माड तिथेच. आणखी मारली, तर माड पुढे सरकला, म्हणजे आम्ही मागे चाललो होतो. मागे संगमावर समुद्राकडून येणारा खारा वारा आणि ओहोटीचं पाणी समोरासमोर येऊन लाटा उभ्या राहत होत्या. त्यांचा आवाज मला अजून आठवतो. नवऱ्याने ओरडून सांगितलं, काठाला घे. काठाजवळ ओढ कमी होती. गुडघाभर पाण्यात उतरून दोरीने बोट ओढत आलो, जवळजवळ तासभर. त्या दिवशी आम्ही फार पुढे गेलो नव्हतो, एवढंच नशीब.

सकाळचा मतलई वारा तर या बोटीला आणखी धोक्याचा. जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे काठाशी पाणी सपाट दिसतं आणि हलकी, उंच काठांची बोट पानासारखी आत जाते. म्हणून उघड्या समुद्रात ही बोट नेऊ नका. खाडी, नदी, भरतीच्या वेळी, इथे ती उत्तम आहे. पहिल्या कयाकला यापेक्षा जास्त मागूही नये.

तक्रार एकच, पण मोठी. एप्रिलमध्ये बाजूच्या कप्प्याची शिवण वाल्वजवळ उसवली. कंपनीने फोटो मागवले, तीन आठवडे घेतले आणि वापरातला दोष म्हणून हात झटकले. तेव्हा बोट सावलीत होती, हवाही दाबाच्या खुणेच्या आतच होती. शेवटी सोबत आलेलं ठिगळ लावून चोवीस तास वजनाखाली ठेवलं. ते आजवर टिकलंय.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुणं टाळू नका. वाल्वमध्ये वाळूचा एक कण राहिला तरी रात्रभरात हवा जाते. आमच्याकडे पाणी जपून, म्हणून दोन बादल्या आणि एक जुना सोलापुरी टॉवेल, तेवढ्यात होतं. आता पाऊस लागलाय, बोट कोरडी करून माळ्यावर ठेवली आहे. दर पंधरा दिवसांनी उघडून घडी बदलते, म्हणजे एकाच रेषेवर चीर पडत नाही.