मर्क्युरियलवर राहायचं की गिटवर जायचं?

दोन्ही कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी टूल्स (व्हर्जन कंट्रोल), एकाच वयाची, 2005 च्या एप्रिलमधली, बिटकीपर या तशाच टूलची फुकट सोय बंद झाल्यावर लिनक्सच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, लिहायला घेतलेली, आणि तरी वापरताना फरक लगेच जाणवतो.

नवख्या माणसाला मर्क्युरियल सोपं जातं हे मी आजही ठामपणे सांगेन. फाइल बदलली, एचजी कमिट मारलं (एचजी ही मर्क्युरियलची कमांड, कमिट म्हणजे बदल इतिहासात नोंदवणं), झालं. गिटमध्ये आधी गिट ॲड करून स्टेजिंगला, म्हणजे पुढच्या कमिटच्या तयारीत, टाकायचं मग कमिट, पहिल्यांदा डोक्याला ताप वाटतो पण एकाच फाइलमधले दोन वेगळे बदल वेगवेगळे कमिट करायचे असतील तर हीच पायरी कामी येते. ब्रँचचंही (कामाची वेगळी फांदी) तसंच, मर्क्युरियलच्या नेम्ड ब्रँचचं नाव कमिटमध्ये कायमचं बसतं, गिटची ब्रँच म्हणजे एका कमिटकडे बोट दाखवणारा नुसता पॉइंटर, काम झालं की उडवा.

साइजमध्ये गिट सरळ पुढे. ओपनजेडीके (जावाचा ओपन सोर्स प्रोजेक्ट) 2020 मध्ये गिटवर गेलं तेव्हा त्यांनी दिलेले आकडे बघा, मर्क्युरियलचा मेटाडेटा (साठवलेला इतिहास) साधारण 1.2 जीबी, गिटचा 300 एमबी. स्लो नेटवर क्लोन करणाऱ्याला, म्हणजे ही सगळी कॉपी उतरवून घेणाऱ्याला, विचारा याची किंमत!

शिफ्ट करताना खरी गोची हॅशची, म्हणजे प्रत्येक कमिटच्या ओळख-क्रमांकाची, असते. जुन्या बग रिपोर्टमध्ये लिहिलेला मर्क्युरियलचा हॅश गिटमध्ये सापडतच नाही, सगळे बदलतात, म्हणून जुना-नवा मॅप कन्व्हर्जनच्या वेळीच बनवून रेपोत (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यात) ठेवा.

माझं मत गिटला, कारण नवे काँट्रिब्युटर तेच शिकून येतात.