98 मिलिमीटरची एकच स्कीची जोडी: दोन हिवाळे वापरल्यावर

माझं वजन 76 किलो, उंची पाच फूट आठ इंच, वय 42. स्कीइंग शिकलो पस्तिशीत, गुलमर्गला दहा दिवस सलग आपटून. राहतो सोलापुरात, म्हणजे बर्फाशी संबंध उसाच्या रसापुरता. हे आधीच सांगतो, कारण स्कीबद्दल मत देणारा माणूस किती वजनाचा आहे आणि वर्षातून किती दिवस उतारावर असतो हे माहीत नसेल तर त्याच्या मताचा उपयोग शून्य. दोन हिवाळ्यांत मिळून माझे 23 दिवस झाले. काश्मिरी पोरांचे एवढे दिवस जानेवारीतच होतात.

स्की अशी: लांबी 178 सेंटिमीटर, कंबर, म्हणजे मधली सगळ्यात अरुंद रुंदी, 98 मिलिमीटर, वळणाची त्रिज्या 18 मीटर, एका पायाची साधारण 1,900 ग्रॅम. गाभा लाकडी. आत धातूचा सलग पत्रा नाही, फक्त पायाखाली एक पट्टी. हंगाम संपताना मायदेशी निघालेल्या एका पर्यटकाकडून बाइंडिंगसकट, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या कळीसकट, विकत घेतली. कंपनी मुद्दाम सांगत नाही. या मापाच्या आणि बांध्याच्या जोड्या जवळपास प्रत्येक कंपनी बनवते, आणि नावापेक्षा वरचे आकडे जास्त बोलतात.

एकच जोडी का, तर कर्नाटक एक्सप्रेस. सोलापूर ते दिल्ली रेल्वेनं, पुढे श्रीनगरला विमानानं. खालच्या बर्थखाली एक पिशवी जेमतेम मावते, तीही टोक जरा बाहेर काढून. टीसीनं विचारलं, "पाइप आहेत का?" मी म्हटलं, "हो." खरं सांगत बसलो असतो तर दौंड आलं असतं. म्हणून भुसभुशीत ताज्या बर्फाला वेगळी आणि मशिनने दाबलेल्या उताराच्या पट्ट्यांना वेगळी, ही चैन आमच्यासारख्यांना नाही.

दुकानात, गोंडोलाच्या (रोपवेच्या) रांगेत, सगळीकडे एकच प्रश्न ऐकू येतो: पावडर (भुसभुशीत ताजा बर्फ) की ग्रूम्ड (मशिनने दाबलेला)? मीही तोच विचारून घेतली. पण डायरीत रोजच्या बर्फाची नोंद ठेवतो, ती परवा मोजली. 23 पैकी खरी पावडर, म्हणजे रात्री पडलेली आणि सकाळी कुणी न तुडवलेली, 5 दिवस. मशिनने दाबून सारखा केलेला किंवा तसाच टणक झालेला उतार, 6 दिवस. उरलेले 12 दिवस दोन्ही नाही. कालची पावडर शंभर जणांनी कापलेली, वर ऊन पडून पापुद्रा धरलेली, मध्येच ढेकळं, मध्येच मऊ. नांगरलेल्या रानातून सायकल हाणावी तसं. सगळं-चालणारी स्की घ्यायची तर ती या बारा दिवसांसाठी निवडायला हवी, हे मला तेवीस दिवसांनी कळलं.

आधी त्या पाच दिवसांबद्दल. गुलमर्ग 2,650 मीटरवर, गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर जवळपास 4,000 मीटरपर्यंत नेऊन सोडतो. जानेवारीत वरचा बर्फ इतका कोरडा की मुठीत दाबला तरी गोळा होत नाही, ज्वारीच्या पिठासारखा बोटांतून गळतो. पूर्वी भाड्यानं मला मिळायची ती स्की कमरेला पंचाहत्तरच्या आसपास होती. ती या पिठात टोक खाली घालून बुडायची आणि मी मागे रेलून मांड्या जाळत उतरायचो. 98 ला खालचं क्षेत्रफळ वाढतं, शिवाय टोकं आधीपासून वर उचललेली, त्यामुळे मागे रेलावंच लागत नाही. मधोमध उभं राहायचं, बस्स. कमरेपर्यंत बर्फ असलेल्या एका दिवशी माझ्यापुढचा गडी 112 वर होता आणि तो तरंगत होता, मी पोहत होतो, हेही खरं. पण मांडीपर्यंतच्या बर्फात मला काही कमी पडलं नाही.

(रुंद स्की आली म्हणून हद्दीच्या दोरीपलीकडे जायचा अधिकार मिळत नाही. वरच्या वाडग्यासारख्या भागाबाहेर हिमस्खलनाची जोखीम कुणी कमी करून ठेवलेली नसते. बीकन (गाडलेल्याचा माग लावणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी), आणि ती वापरता येणारा सोबती नसेल तर मी जात नाही. दोनदा गोंडोलातून उतरून तसाच पट्टीवरून खाली आलो.)

टणक दिवसांवर तक्रार आहे, आणि ती माझ्याच निवडीची. रुंद स्की एका कडेवरून (स्टीलच्या धारेवरून) दुसऱ्या कडेवर जायला वेळ घेते. कड पायाच्या मध्यापासून लांब गेली की तिला बर्फात धरून ठेवायला घोटा आणि गुडघा जास्त राबतात. त्यात उचललेल्या टोकांमुळे 178 पैकी सगळी कड टणक बर्फाला लागतच नाही, दाबलेल्या उतारावर ती बरीच आखूड वाटते. दुकानात तपासायची सोपी युक्ती: दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा. मध्ये जी फट दिसते ती कमान, म्हणजे पकड. टोकांकडे त्या जितक्या लवकर एकमेकींपासून सुटतात, तितकी पावडरमध्ये मजा आणि पट्टीवर तडजोड. माझी फार लवकर सुटते. लांब, मोठी वळणं घेताना छान बसते. सकाळच्या गोठलेल्या पट्टीवर लहान वळणं घ्यायला गेलं की बैलगाडी.

आता ते बारा दिवस. इथे रुंदी नाही, वजन आणि कडकपणा कामाला येतो, आणि हेच मी घेताना पाहिलं नव्हतं. धातूचा सलग पत्रा असलेली जड स्की ढेकळं कापत जाते. माझी थोडी हलकी, त्यामुळे प्रत्येक ढेकळाची खबर टोकापासून गुडघ्यापर्यंत पोचवते. वेग धरला की टोकं फडफडतात. पण दुसरी बाजू अशी, की दुपारनंतर माझे पाय संपलेले असतात, तेव्हा जड स्की मला नेईल तिकडे जावं लागलं असतं. भुईकोट किल्ल्याभोवती संध्याकाळी पळून कमावलेल्या दमाला एवढंच झेपतं. म्हणून या बाबतीत मी स्कीला दहापैकी सात देतो आणि स्वतःला पाच.

बाइंडिंगबद्दल दोन गोष्टी, आणि या वाचल्याशिवाय कुणी वापरलेली जोडी घेऊ नये. पहिली: माझे बूट नव्या ग्रिपवॉक तळाचे, म्हणजे चालायला सोपा म्हणून किंचित वळलेल्या रबरी तळाचे, बाइंडिंग जुनं, फक्त सपाट अल्पाइन तळ घेणारं. बूट खटकन बसला म्हणजे जमलं असं नसतं, कारण सुटायच्या वेळी तो नीट सुटेल याची खात्री नसते. नशिबानं माझ्या बुटांचे तळ बदलता येत होते. दुसरी: बाइंडिंग किती जोर आल्यावर सुटावं तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य पाहून तक्त्यावरून काढतात. माझा सहाच्या आसपास येतो. ज्या माणसानं बसवून दिलं त्यानं नजरेनं नऊ लावला. तिसऱ्या दिवशी पापुद्र्यात पाय अडकला, मी फिरलो, स्की फिरली नाही. गुडघ्याची आतली बाजू महिनाभर सुजलेली होती आणि उरलेला हंगाम चहा पीत गेला. तेव्हापासून आकडा स्वतः वाचतो.

सोलापुरातली देखभाल हे वेगळंच प्रकरण. पहिल्या प्रवासात ओली स्की बंद पिशवीत घालून आणली, घरी उघडली तर स्टीलच्या कडा तांबूस. आता निघताना टॉवेलनं कोरडी करतो, आणि टॉवेलांची आपल्या गावाला काय वाण! पुढे शहाणपण केलं: ओळखीच्या फिटरकडून कारखान्यातल्या कानशीनं कडा घासून घेतल्या. त्यानं मन लावून घासल्या, पण कोन धरायची पट्टी नव्हती. पुढच्या हिवाळ्यात डावी स्की पकडायची, उजवी घसरायची, आणि मी चार दिवस स्वतःच्या उजव्या पायाला दोष देत होतो. गुलमर्गच्या कारागिरानं 88 अंशांचा कोन परत काढून दिला, त्यात कडेची बरीच जाडी गेली.

उन्हाळ्यात तळाला मेणाचा जाड थर देऊन, न खरवडता ठेवायचं असतं. तसं केलं, चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली. वर पत्रा. मे महिन्यात बाहेर 43, आत किती असेल देव जाणे. जूनमध्ये काढली तर मेण मऊ पडून चादरीला चिकटलेलं. आईनं स्कीकडे पाहिलंही नाही, म्हणाली, "चांगली डबलची चादर होती रे ती." इतक्या उष्णतेत आतला गोंदही सुटू शकतो, माझा वाचला. आता हॉलमधल्या कॉटखाली, फरशीला टेकून असते. मेणाला जुन्या बाजारातली वेगळी इस्त्री आहे, घरातली वापरण्याची हिंमत झाली नाही.

आज परत घेतली तर? कंबर 94 च्या जवळपास, पायाखाली जास्त कमान, थोडी जड. पाच दिवसांतलं थोडं देऊन बारा दिवसांतलं बरंच घेईन. ज्यांचा सगळा वेळ वरच्या टप्प्यावर जातो त्यांनी शंभरच्या पुढे जावं, माझं ऐकू नये. आणि जे खालच्या बेबी स्लोपवर अजून पडताहेत त्यांनी काहीच घेऊ नये. बुटांवर पैसे घालावेत, स्की भाड्यानं घ्यावी.

भाचा पुण्याहून फोन करून म्हणतो, "मामा, तुझी मला दे, तू नवी घे." त्याचं वजन 61 किलो. या 178 ला तो वाकवूच शकणार नाही, आणि न वाकलेली स्की वळत नाही. त्याला 168 ते 170 बघायला सांगितलंय, कंबर नव्वदच्या आत-बाहेर. फेब्रुवारीत तो येतोय. माझी पिशवी तोच उचलेल, एवढं ठरलंय.