सावंतवाडीत राहायला येताय? आधी पश्चिमेची भिंत बघा

ऑगस्टात वॉशिंग मशीनचा सर्किट बोर्ड गेला. सर्व्हिस सेंटरने एका वाक्यात विषय संपवला: ओलाव्याने गंजलेला बोर्ड वॉरंटीत बसत नाही. नव्या बोर्डाचे पैसे खिशातून गेले, म्हणून हा अकरा महिन्यांचा अनुभव सविस्तर लिहितोय. मोती तलाव, राजवाडा, चितारआळीतली लाकडी खेळणी, गंजिफा हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. घर बघताना काय तपासायचं आणि कुठे पैसे फुकट जातात, तेवढंच सांगतो. निम्म्याहून जास्त मजकूर ओलीबद्दल आहे, कारण वाडीत राहण्याचा निम्म्याहून जास्त खर्च तिच्यामुळेच वाढतो.

सुरुवातीला माझं मत होतं की तळ्याकाठचं घर टाळावं, तिथे ओल जास्त असणार. ते मत आता मागे घेतो. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारी हवाच पाण्याने गच्च असते, तळ्यामुळे त्यात फारशी भर पडत नाही. खरा फरक पडतो तो घराची पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजू किती उघडी आहे याने. वारा त्याच दिशेचा, त्यामुळे झड, म्हणजे वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस, थेट त्या भिंतीवर बसते. इथली बरीच घरं चिऱ्याची आहेत. चिरा म्हणजे जांभ्याचा ठोकळा. जांभा सच्छिद्र दगड आहे, तो पाणी पितो आणि दिवसचे दिवस सोडत नाही. तळ्यापासून दूर असलेलं पण पश्चिमेला उघडं पडलेलं घर तळ्यासमोरच्या आडोशाच्या घरापेक्षा जास्त ओलं निघतं.

घर शक्यतो जुलैत बघा. ते जमणार नसेल तर या खुणा शोधा. मालक मे महिन्यात भिंतींना नवा रंग देतात, त्यामुळे भिंतीच्या रंगावर जाऊ नका. स्विचबोर्डाचे स्क्रू बघा: पश्चिमेच्या भिंतीवरचे गंजलेले आणि आतल्या भिंतीवरचे स्वच्छ असतील, तर त्या भिंतीतून पाणी येतंय. जमिनीपासून दीड फुटापर्यंत हात फिरवा. पांढरी भुकटी हाताला लागली तर तो लोणा आहे, म्हणजे पाणी घराच्या पायातून वर चढतंय. भिंतीतली कपाटं उघडून आत वास घ्या. लाकडी दारं पूर्ण लावून कडी घालून बघा. चौकटीला घासून रंधा मारल्याच्या खुणा असतील तर ते दार दर पावसाळ्यात फुगतं. घर स्लॅबचं असेल तर वर पत्र्याची शेड आहे का, हा पहिला प्रश्न. कौलारू असेल तर कौलं शेवटची कधी परतली, म्हणजे उतरवून आणि फुटकी बदलून पुन्हा कधी रचली, ते विचारा. माकडं उड्या मारून कौलं फोडतात, त्यामुळे दर वर्षी मृगाआधी कौलं परतणं चुकत नाही.

दुरुस्तीत बहुतेक लोक एकच चूक करतात. आतून सिमेंटचा गिलावा घेतात आणि वर ऑइल पेंट मारतात. पाणी बाहेरून येत राहतं, त्याला आतून बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि दोन महिन्यांत रंगाला फुगे येतात. आधी बाहेरून सुरुवात करायची. चिऱ्यांचे सांधे भरून घ्यायचे, पश्चिमेला अडीच-तीन फूट पुढे येणारा पत्रा बसवायचा, आणि मग भिंत पूर्ण सुकलेली असताना, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सुमारास, बाहेरून पाणी परतवणारं सिलिकॉनचं द्रावण मारायचं. जूनमध्ये ओल्या भिंतीवर मारलेलं द्रावण वाया जातं. आतून साधा चुना द्या, त्यातून भिंत सुकू शकते. पत्र्याला पैसे नसतील तर पडवीच्या पश्चिमेला झाप (नारळाच्या विणलेल्या झावळ्या) किंवा ताडपत्री बांधा. दिसायला चांगलं नाही, पण झड अडते.

आता कपाटातली बुरशी. इथे लोक खोलीत वाट्या भरभरून कळीचा चुना ठेवतात, आणि तो काही उपयोगाचा नाही म्हणून सोडून देतात. हिशोब करून बघा. दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंचीची खोली म्हणजे साधारण 34 घनमीटर हवा. 27 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असताना तेवढ्या हवेत जवळजवळ 800 मिलिलिटर पाणी असतं. ते 60 टक्क्यांवर आणायला पाव लिटर पाणी काढावं लागतं. एक किलो चुना जास्तीत जास्त 320 ग्रॅम पाणी धरतो. म्हणजे किलोभर चुना एकदाच पुरा पडतो, आणि दार उघडलं की बाहेरची ओली हवा परत आत. चुना फक्त घट्ट बंद होणाऱ्या कपाटात किंवा ट्रंकेत कामाचा. पसरट वाटीत अर्धीच भरून ठेवा, कारण पाणी धरताना तो फुगतो. भुकटी झाली की बदला. मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि त्यावर पाणी पडू देऊ नका, तो भयंकर तापतो.

खोलीसाठी डिह्युमिडिफायरच, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्रच लागतं. अडीचशे वॅटचं यंत्र सहा तास चालवलं तर दीड युनिट. मला हा खर्च आधी चैनीचा वाटला होता. पण चार किलो कपडे मशीनमधून पिळून निघाले तरी त्यात दोनेक लिटर पाणी राहतं, आणि पावसाळ्यात ते सगळं घरातल्या हवेत जातं. वर सांगितलेल्या खोलीतल्या हवेत मुळात असलेल्या पाण्याच्या अडीचपट! म्हणून झोपायच्या खोलीत कपडे वाळत घालू नका. एक छोटी खोली ठरवा, खिडकी बंद करा, पंखा आणि डिह्युमिडिफायर तिथेच लावा. त्याच खोलीत पैठण्या, प्रमाणपत्रं, कॅमेऱ्याच्या लेन्सा ठेवल्या की एका खर्चात दोन कामं होतात. कपाट भिंतीपासून चार इंच पुढे ओढा, प्लायवूडच्या पाठीला बुरशी तिथूनच धरते. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या. आकडा सतत 70च्या वर राहिला की बुरशी येणारच.

वॉशिंग मशीनवर प्लास्टिकचं कव्हर घालू नका, ओल आत कोंडते. मशीन पश्चिमेच्या भिंतीला नको, आणि झाकण उघडं ठेवा. बोर्ड बदलावा लागलाच तर तंत्रज्ञाला जोडण्यांवर वॉर्निशचा फवारा मारायला सांगा. हे सांगावंच लागतं.

पाण्याच्या बाबतीत मात्र इथे पैसे वाचतात. नळाचं पाणी पाळणेकोंड धरणाचं. घराला विहीर असेल तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) लावून बघा. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी सहसा मऊ असतं. आकडा दोनशेच्या आत असेल तर आरओ घेऊ नका. ते निम्म्याहून जास्त पाणी गटारात सोडतं आणि मुळातच कमी असलेले क्षारही काढतं. गाळणी आणि यूव्ही पुरे. हे पाणी किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून लोखंडी पाइप टाळा आणि गिझरमधली मॅग्नेशियमची कांडी वर्षाला तपासा. पहिल्या पावसानंतर विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची: हजार लिटरला अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी म्हणजे चौदा हजार लिटर, म्हणजे 35 ग्रॅम. बादलीत कालवून गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी विहिरीत सोडा, तासभर उपसा करू नका.

वीज जूनच्या पहिल्या वाऱ्यांत झाडांच्या फांद्यांमुळे जाते, मे आणि ऑक्टोबरात विजांमुळे. इन्व्हर्टरच्या 150 एएच (अँपिअर-तास) बॅटरीतून हाताशी येतात साधारण हजार ते अकराशे वॅट-तास. चार बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, दिवे, राउटर मिळून दीडशे वॅट धरले तर सात तास निघतात. साध्या पंख्यांवर त्याच्या निम्मेही नाहीत. कातळात अर्थिंग उन्हाळ्यात सुकतं, एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. गडगडायला लागलं की राउटरचा आणि टीव्हीचा प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

प्रवासाचं थोडक्यात. रेल्वे स्टेशन शहरात नाही, मळगावात आहे. दादरला जाणारी तुतारी एक्स्प्रेस इथूनच सुटते, पण इतर कित्येक गाड्या थांबत नाहीत, त्यासाठी कुडाळ किंवा गोव्यातलं थिवी गाठावं लागतं. गोव्यातला मोपा विमानतळ 2023 पासून सुरू झाल्याने विमानाची सोय चांगली झाली. गंभीर आजारात लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, घरात म्हातारी माणसं असतील तर हे अंतर आधी मनात धरा. दुकानं दुपारी बंद असतात. गणपतीच्या दिवसांत प्लंबर, सुतार, गवंडी कोणी मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

सामानाचा ट्रक पुणे-कोल्हापूरकडून येणार असेल तर तो आंबोली घाटातून उतरतो. जुलै-ऑगस्टात शनिवार-रविवारी धबधब्याच्या गर्दीत तो अडकतो, दरडीचं भय वेगळंच, आणि गाद्या भिजल्या तर सप्टेंबरपर्यंत सुकत नाहीत. दिवाळीनंतर या. अकरा महिन्यांच्या करारात एक ओळ घालून घ्या: पश्चिमेचा पत्रा आणि कौलं परतण्याचं काम 31 मेच्या आत मालकाने करायचं, नाहीतर जूनपासूनच्या भाड्यातून तो खर्च वळता करायचा. चावी घेण्याआधी ही ओळ मालक सहज मान्य करतात. जूनमध्ये सांगितलं तर गवंडी मिळत नाही हे उत्तर येतं, आणि ते खरंही असतं.