मालागा: अल्कासाबा की हिब्रालफारो?

दक्षिण स्पेनमधल्या मालागात एकच दिवस हाताशी असला, तरी कॅथेड्रल आणि पिकासोचं जन्मघर पायी फिरता फिरता होऊन जातं. प्रश्न पडतो तो किल्ल्यांचा. टेकडीच्या पायथ्याशी अल्कासाबा, माथ्यावर हिब्रालफारो. दोन्हींचं मिळून तिकीट मिळतं, त्यामुळे 'आलोच आहोत तर दोन्ही करू' असं वाटतं. आम्हीही तेच केलं. पुन्हा गेलो तर तसं करणार नाही.

आधी हिब्रालफारोबद्दल, कारण त्याला कमी लेखायचं नाही. खालच्या अल्कासाबाला वरून धोका राहू नये म्हणून ग्रनाडाचा मुस्लिम सुलतान पहिला युसुफ याने 14व्या शतकात तो बांधला. 1487 साली फर्डिनांड आणि इसाबेला या ख्रिस्ती राजा-राणीच्या फौजांनी मालागाला वेढा घातला, तेव्हा शेवटपर्यंत झुंजली ती इथलीच शिबंदी. तटावरून चालताना बंदर, समुद्र आणि बैलझुंजीचं गोल मैदान पायाखाली दिसतं. आपल्याकडचे गड पाहिलेल्या माणसाला हा तट आवडेलच. पण तटाच्या आत फार काही उरलेलं नाही: जुन्या दारूकोठारातलं लहानसं संग्रहालय, एक खोल विहीर आणि झाडं. अर्ध्या-पाऊण तासात बघून होतं.

माझा निकाल मात्र मधल्या वाटेने लावला. अल्कासाबातून दोन समांतर भिंती निघतात आणि चढत चढत थेट वरच्या किल्ल्याला भिडतात. या भिंतींमधल्या वाटेला तिथे कोराचा म्हणतात. खालून पाहिलं की कुणालाही वाटेल, याच भिंतींमधून वर जायचं. मलाही तसंच वाटलं आणि त्यावरच मी दिवसाचा बेत आखला. अल्कासाबाच्या वरच्या टोकाला पोचल्यावर कळलं की पाहुण्यांना आतून वाट नाही. सगळं उतरायचं, दाराबाहेर पडायचं आणि टेकडीच्या कडेने नव्याने चढायचं. चढ चांगलाच उभा, दगड पायांनी घासून गुळगुळीत झालेले, जुलैची दुपार आणि सोबत गुडघ्यांचा त्रास असलेली आई. दर वळणावर ती कठड्याला टेकायची आणि शेजारच्या भिंतीकडे बघून विचारायची, "अरे, हीच ना ती वाट?" वर पोचलो तेव्हा समोरच्या देखाव्यापेक्षा पाण्याची बाटली महत्त्वाची वाटत होती. उतरताना सरळ 35 नंबरची बस धरली. चढतानाच धरायला हवी होती.

अल्कासाबात अशी दमछाक होत नाही. चढ तिथेही आहे, पण तो टप्प्याटप्प्याने येतो, आणि महापालिकेच्या इमारतीमागच्या रस्त्यावरून लिफ्टही आहे. मला मोहवलं ते दारांनी. ती काटकोनात वळत जातात, पुढे काय आहे ते शेवटच्या पावलापर्यंत दिसत नाही. आपल्या गडांचे दरवाजे ज्यांनी पाहिलेत त्यांना यामागचा हिशेब लगेच कळेल. एका दारात घोड्याच्या नालेसारखी विटांची कमान चक्क रोमन संगमरवरी खांबांवर टेकलेली आहे. किल्ला 11व्या शतकातला, आणि पायथ्याशी असलेल्या रोमन रंगमंदिराचे दगड-खांब उचलून त्यात वापरलेले. ते रंगमंदिर पुढे मातीखाली गेलं आणि 1951 साली एका बांधकामात पुन्हा सापडलं. खांबाला हात लावून मागे वळलं की ज्या जागेवरून तो आला ती जागा खाली दिसते. हे मला दुसरीकडे कुठे असं पाहायला मिळालेलं नाही.

वरच्या महालाचा बराचसा भाग 1930च्या दशकापासून सुरू झालेल्या डागडुजीत नव्याने उभा राहिलेला आहे, हे मान्य. अस्सल तेवढंच पाहायचं म्हणणाऱ्याला ते खटकू शकेल. मला त्या चौकांमध्ये, संत्र्याच्या झाडांखाली आणि फरशीतून वाहणाऱ्या पाण्याच्या पाटांजवळ ते खटकलं नाही.

पाय चांगले असतील आणि संध्याकाळ मोकळी असेल, तर हिब्रालफारोला जरूर जा, पण बसने, आणि ऊन कललं की. एकच निवडायचं असेल तर मी अल्कासाबाच सुचवेन, तेही सकाळी दार उघडताच. आईला मालागातलं काय आठवतं असं परवा विचारलं, तर ती म्हणाली, "ते पाण्याचे पाट."